चोळीचा खण आणि शेताचा वाटा

१/८
‘जात्यावर बसले की ओवी सुचते’ ही म्हण आपण सहज वापरतो. परंतु सुचणाऱ्या त्या ओवीत भाऊ इतक्यांदा का येतो, हे सहसा कोणी विचारत नाही. आज ‘बंधू’च्या ओव्यांचा अर्थ पाहू.

२/८
परंपरा फार जुनी आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात (इ. स. ११२९) महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आढळतो. म्हणजे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, त्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी ओवी बायकांच्या कंठात नांदत होती.

३/८
पहाटे घर निजलेले असताना दोघी समोरासमोर बसत. खुंट्याला हात, मधूनमधून जात्याच्या तोंडात मूठभर वैरण. एकीने ओवी उचलायची, दुसरीने तिला साथ द्यायची. आरंभीच्या ओव्या देवाच्या, मग आईबापांच्या, भावाच्या, लेकरांच्या. दिवसभर जे बोलता येत नसे, ते जात्याच्या घरघरीत बोलता येई.

४/८
या ओव्यांतला भाऊ देखणा असतो, त्याची बैलजोडी त्याहून देखणी. दिवाळीला तो गाडी जुंपून न्यायला येईल, म्हणून बहिणीचे डोळे वाटेकडे लागलेले असतात. भावजयीचा मात्र धाक असतो. आणि एवढ्या कौतुकानंतर बहिणीचे मागणे काय? बहुधा चोळीचा एक खण.

५/८
याला केवळ माया म्हणून भागत नाही. परंपरेने लेकीला वडिलोपार्जित शेतात वाटा नव्हता. सासरी जाच झाला, तर परतायला माहेर तेवढे उरे. आणि आईबापांच्या माघारी माहेर म्हणजे भाऊच. म्हणून त्याच्या स्तुतीच्या आड एक विनवणीही असते: दार उघडे ठेव.

६/८
पुढे काळ बदलला. नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरच्या कोरडवाहू रानांत पाणी आणले, ऊस आला, जमिनीचे मोल वाढले. कायदाही बदलला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, साऱ्या देशाला तो २००५ मध्ये मिळाला. तरीही हक्कसोडपत्रे होतच राहिली. इंदापूर तालुक्यातील शेळगावात सून म्हणून आलेल्या माझ्या आजीनेही माहेरच्या शेतावरचा हक्क असाच सोडला. का, असे विचारल्यावर ती एवढेच म्हणाली, “वाटा घेतला असता, तर दिवाळीला कुणाच्या दारात गेले असते?” बंधूच्या शेकडो ओव्यांचे सार मला त्या एका वाक्यात सापडले.

७/८
गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या नसत्या, तर हे धन बायकांबरोबरच निघून गेले असते. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या क्रमाने प्रसिद्ध होत आहेत. एकेका ओवीखाली गाणारीचे नाव आणि गाव वाचताना जाणवते, की ज्यांना आपण ‘अनामिक लोकपरंपरा’ म्हणतो, त्यांना नावे होती. ती टिपून घेणारेच थोडे होते.

८/८
इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला दोन्ही साधने हवीत. सातबाऱ्यावरून बहिणीचे नाव कमी झाल्याची नोंद फेरफारात सापडते. ते का कमी झाले, हे ओवी सांगते. ओवीला भोळ्या मायेचे गाणे म्हणून देव्हाऱ्यात बसवले, की तिच्यातला हिशेब आपल्याला दिसेनासा होतो. माया खरी होती, आणि तिची किंमतही. आपल्या घरात ओव्या येणारी कोणी वडीलधारी असेल, तर त्या जरूर उतरवून घ्या. आणि जमल्यास तिच्या माहेरच्या शेताचे पुढे काय झाले, तेही विचारा.