टेबलाशी थांबलेला गूफी

ऑरलँडो, फ्लोरिडा
सोमवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निघताना तू बजावलं होतंस, "देखाव्यांचं नंतर लिही, आधी त्या उंदराच्या नाश्त्याचं सांग." म्हणून देखावे बाजूला ठेवते.

तुझी लेक नाताळात मुलांना घेऊन इथे यायची आहे. विमान, हॉटेल, पार्कची तिकिटं सगळं जुळलंय. गाडी अडलीय ती या 'कॅरेक्टर डायनिंग'पाशी. जावईबापूंचं म्हणणं, वॉफल खायला माणशी पाच हजार रुपये कोण मोजतो? लेकीचं म्हणणं, मग मुलांना मिकी भेटणार कधी? आणि तू दोघांच्या मध्ये. तर इथे जे दिसेल ते लिहीत जाते, निवाडा शेवटच्या पत्रात करू.

आधी रीत समजून घे. पार्कात मिकी, डोनाल्ड, राजकन्या ठरलेल्या जागी उभे असतात आणि त्यांना भेटायला रांग लावावी लागते. गर्दीच्या दिवशी अर्धा-पाऊण तास उन्हात उभं राहायचं, तेव्हा कुठे मिनिटभराची भेट. रेस्टॉरंटात सगळं उलट. आपण बसून खायचं आणि ती मंडळी एकेका टेबलाशी येणार. आपल्याकडे पंगतीत वाढपी जिलबी घेऊन निघाला की मुलांची नजर पानावर नसते, जिलबी कुठवर आली यावर असते, तसंच इथे चाललेलं असतं. प्रत्येक पात्राबरोबर एक सोबती असतो, त्याला कॅरेक्टर अटेंडंट म्हणतात. कुठलं टेबल राहिलं, कुणाचं मूल घाबरलंय, पुढे कुणाकडे जायचं, हे सगळं तो बघतो, कारण पोशाखातल्या माणसाला बोलायची मुभा नाही आणि त्या मोठ्या डोक्यातून दिसतंही बेताचंच.

काल सकाळी आम्ही 'शेफ मिकीज'ला गेलो. हे कंटेम्पररी हॉटेलात आहे. डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं, त्याच वर्षीचं हे हॉटेल. इमारतीच्या पोटातून मोनोरेल आरपार जाते, आणि मधल्या खांबासारख्या बांधकामावर मेरी ब्लेअर यांनी काढलेलं नव्वद फूट उंचीचं टाइल्सचं चित्र आहे. त्यात एका बकरीला पाच पाय आहेत. माझ्या नातीने, छोटीने, ती बकरी शोधली, मगच ती खुर्चीवर टेकली.

बुफे आहे. मिकीच्या तोंडाच्या आकाराची वॉफल, बटाटे, फळं, ब्रेड, अंडी. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण जिभेवर रेंगाळावं असंही काही नाही. मिकी, मिनी, डोनाल्ड, गूफी आणि प्लूटो आळीपाळीने फिरतात, सगळे स्वयंपाक्याच्या थाटात.

आता गूफीचं ऐक. छोटीने वही पुढे केली. त्याने ती उलटी धरली, डोकं खाजवलं, पुन्हा सुलटी केली, मग कोरं पान शोधायचं सोंग करत मिनीच्या सहीवर येऊन थांबला आणि छातीवर हात ठेवून लाजला. हातमोज्याची बोटं म्हणजे केळ्याएवढी. त्यात साधं पेन ठरत नाही, म्हणून जाणती माणसं जाड मार्कर घेऊन येतात. सोबत्याने वहीला खालून आधार दिला, मग गूफीने सावकाश, जीभ बाहेर काढल्यासारखी मान वाकडी करून सही ठोकली. एवढ्या वेळात छोटीला धीर आला. तिने तोंड उघडून हलणारा दात दाखवला. गूफी खाली वाकला, केळ्यासारखं एक बोट पुढे करून तिचे बाकीचे दात हवेतच मोजू लागला, मध्ये चुकला, पुन्हा पहिल्यापासून. आजूबाजूची टेबलं हसत होती. दाताची हकिगत तिने आम्हालाही एवढ्या तपशिलात सांगितली नव्हती.

सहीला मोल काय म्हणशील, तर काहीच नाही. पोशाखात आज कुणी का असेना, गूफीची सही तीच राहते. प्रत्येक पात्राची सही ठरलेली असते आणि ती कलाकारांकडून घोटून घेतात. तरीही ती वही नसती तर गूफी हात हलवून पुढे गेला असता.

परवा एपकॉट पार्कात. तिथून लिहिते.

तुझी,
धाकटी

*

एपकॉट
बुधवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आजचं जेवण फिरत्या रेस्टॉरंटात झालं. 'गार्डन ग्रिल' नाव. जमीनच हळूहळू फिरते, इतकी हळू की आमटीला हेलकावा बसू नये (आमटी नाही, हे सांगायला नको). खाली एक होडीची सफर चालते. आपण जेवता जेवता तिच्यावरून सरकतो, कधी वाळवंट, कधी पावसाळी जंगल, कधी शेतघर. त्याच इमारतीतल्या हरितगृहांत पिकवलेली काही भाजी इथल्या पानात येते. मिकी शेतकऱ्याच्या वेशात, बरोबर प्लूटो आणि चिप-डेल या दोन चिपमंक खारी. काळं नाक तो चिप, लाल नाक तो डेल. हे तुझ्या नातवाला आधीच शिकवून ठेव, भाव खाऊन जाईल.

जेवताना सूनबाईने फोनमधला जुना फोटो दाखवला. २०२१ च्या सुरुवातीला ती थोरल्या नातवाला घेऊन इथे आली होती. फोटोत थोरला पुढे बसलाय, पाठमोरा वळून बघतोय, आणि मागे दूर मोकळ्या वाटेत मिकी उभा आहे, अंगठ्याएवढा. त्या वेळी नियमच तसे होते. करोनामुळे मार्च २०२० च्या मध्यावर सगळी पार्कं बंद झाली. ११ जुलैला दोन उघडली आणि १५ जुलैला उरलेली दोन. पण मिठी, सही आणि शेजारी उभं राहून फोटो हे तिन्ही बंद. काही रेस्टॉरंटांत पात्रं आली, पण टेबलाशी थांबत नव्हती. ठरलेल्या अंतरावरून हात हलवत जायची. आपण पाठ फिरवून बसायचं आणि ती मागून जात असताना फोटो काढायचा. बुफेही गेले, खाणं टेबलावर आणून मिळायचं.

सहीऐवजी काही ठिकाणी छापील कार्ड देत. वर सगळ्यांच्या सह्या, कोरीव, एकही शाई फुटलेली नाही. म्हणजे दुधाची तहान ताकावर. सूनबाई म्हणाली, थोरल्याने ते कार्ड हॉटेलात पोचेपर्यंत कुठेतरी टाकलंसुद्धा. त्याला एकच शंका छळत होती: मिकीने हात हलवला तो मला, की मागच्या टेबलाला?

तेव्हा मला गूफीचं कोडं उलगडलं, ताई. कार्डावर सह्या होत्या, नव्हता तो सही करायला लागणारा वेळ. वही पुढे केली की त्या पात्राला थांबावंच लागतं, वाकावं लागतं, तुमच्याकडे बघावं लागतं. एरवी शंभर टेबलांच्या गर्दीत तेवढा अर्धा मिनिट फक्त आपला असतो. लोक पैसे मोजतात ते त्या अर्ध्या मिनिटाचे, वॉफल निमित्ताला.

तरीही तो काळ सगळ्यांनाच वाईट गेला असं नाही. सूनबाईच्या मैत्रिणीचा मुलगा एवढ्या मोठ्या डोक्यांना भिणारा. त्याला ते लांबून हात हलवणंच भावलं. दोन वेळा तसं झाल्यावर तो आपण होऊन खुर्चीवर उभा राहून टाटा करू लागला. आजही आमच्या शेजारच्या टेबलावर एक दीड वर्षाचं पोर प्लूटो दिसताच किंचाळत होतं, आणि सोबत्याने प्लूटोला चार पावलं मागे घेऊन जमिनीवर बसवलं. अंतर सक्तीचं नसलं की उपयोगाचं ठरतं.

१८ एप्रिल २०२२ पासून मिठ्या आणि सह्या परत सुरू झाल्या. रेस्टॉरंटं मात्र एका दिवसात पूर्ववत झाली नाहीत. इथल्याच नॉर्वे दालनातलं राजकन्यांचं 'अकेर्सहूस' त्याच वर्षी नोव्हेंबरात उघडलं. ऑस्लोमधल्या किल्ल्याचं नाव आहे ते. ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलातल्या '१९०० पार्क फेअर'ला एप्रिल २०२४ उजाडलं. परवा तिथेच जाणार आहोत.

आणखी एक बदल तुझ्या लेकीच्या कामाचा. पूर्वी टेबल १८० दिवस आधी राखून ठेवावं लागे. म्हणजे सहा महिन्यांनंतर पोराला मंगळवारी भूक कुठे लागेल हे आजच ठरवायचं! आता ते ६० दिवसांवर आलंय. रद्द करायचं तर दोन तास आधीपर्यंत करता येतं, नाहीतर माणशी दहा डॉलर कापतात.

तुझी,
धाकटी

*

ऑरलँडो
शुक्रवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

'१९०० पार्क फेअर'चा नाश्ता उरकून हे लिहायला बसले आहे. इथे चार जण फिरतात: सिंड्रेला, टियाना, 'एन्कांटो'मधली मिराबेल आणि अल्लादीन. सगळा थाट 'मनातली इच्छा' या कल्पनेभोवती. ही पात्रं मुखवट्याविना, त्यामुळे बोलतात. छोटीने सिंड्रेलाला विचारलं, "तुझ्या आईने तुला इतकं काम का दिलं?" ती म्हणाली, "सावत्र आई होती ना. पण उंदीर मदतीला होते." आणि सही करताना बाजूला एक छोटा जोडा काढून दिला. बोलणाऱ्या पात्राला थांबायला वहीची गरज कमी, हेही लक्षात आलं. प्रश्न विचारला की ते थांबतं.

करोनापूर्वी रात्रीच्या जेवणाला इथे सिंड्रेलाची सावत्र आई आणि त्या दोन बहिणी फिरायच्या. त्या पाहुण्यांची खोडी काढत, पुरुषांना लग्नाच्या मागण्या घालत, कुणाच्या बायकोला नाक मुरडत. मोठी माणसं मुलांच्या निमित्ताने खरं तर त्यांनाच बघायला येत, असं सूनबाई सांगते. नव्या मांडणीत त्या आल्या नाहीत. सगळे गोड, सगळे शुभेच्छा देणारे. मला विचारशील तर पानातलं लोणचं गेलं.

आता दुसरी बाजू. आमच्या टेबलाजवळ एका गृहस्थाने टियानाच्या कमरेभोवती हात टाकून फोटोसाठी ओढलं. तिचं हसू हललं नाही, पण ती अलगद अर्धं पाऊल सरकली आणि सोबती बोलता बोलता मध्ये येऊन उभा राहिला. दोघांच्या अंगवळणी पडलेली हालचाल होती ती. २०१९ साली इथल्या पोशाखातल्या कलाकारांनी पाहुण्यांच्या नको त्या स्पर्शाबद्दल पोलिसांत तक्रारी नोंदवल्या होत्या, तेव्हा ते वर्तमानपत्रांतही आलं होतं. मिठी परत आली याचा आनंद मुलांना आहेच. ती सोसायची कुणी, हा प्रश्नही तिच्याबरोबर परत आला.

ही मंडळी स्वतःबद्दल 'मी मिकी होतो' असं कधी म्हणत नाहीत. 'मिकीशी माझी मैत्री आहे' एवढंच म्हणायची रीत आहे. काम कुठलं मिळणार हे बरंचसं उंचीवर ठरतं. इथल्या फ्लोरिडातले पोशाखवाले पूर्वीपासून टीमस्टर्स या कामगार संघटनेत आहेत. २०२३ च्या करारात इथल्या हजारो कामगारांचं किमान वेतन वर्षअखेर ताशी १८ डॉलरवर न्यायचं ठरलं. म्हणजे आपण मोठ्या माणसाच्या एका नाश्त्याला मोजतो, त्यासाठी तीन तास गूफी व्हायचं. कॅलिफोर्नियात, १९५५ च्या मूळ डिस्नेलँडमध्ये, पात्रं आणि परेडमधले सुमारे १,७०० कलाकार संघटनेबाहेर होते. मे २०२४ मध्ये त्यांनी मतदान केलं आणि ९५३ विरुद्ध २५८ मतांनी 'ॲक्टर्स इक्विटी'त जायचं ठरवलं. त्यांच्या मागण्यांत सुरक्षितता होती आणि स्वच्छ पोशाखही होते. दिवसभर घामाने भिजणारं डोकं दुसऱ्याच्या डोक्यावर चढतं, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

आता निवाडा. जावईबापूंचा हिशेब खाण्यापुरता बरोबर आहे: मोठ्यांना जागेप्रमाणे साधारण ५० ते ७० डॉलर, वर टॅक्स आणि टिप. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला मोठ्यांचाच दर, तिनाच्या आतलं फुकट. म्हणून असं जेवण एकच घ्यावं, रोज नको. दोन-तीन घेतली की मुलांना सह्या गोळा करायचा नाद लागतो आणि समोरचा गूफी दिसेनासा होतो. त्या एका जेवणापुरते पैसे खुशाल मोजावेत, कारण तीच पात्रं भेटायला रांगेत जो अर्धा दिवस जातो, त्याची किंमत जावईबापूंनी धरलेलीच नाही.

जागा कुठली? तुझी नात बोलकी आहे, तिला बोलणारी पात्रं हवीत: पार्क फेअर किंवा अकेर्सहूस. नातू लाजरा आहे, त्याला गूफी. दोघांचं एकमत होणार नाही, तेव्हा 'शेफ मिकीज' घ्या. मोनोरेल बघून तो खूश, पाच पायांची बकरी शोधण्यात ती. जाड मार्कर इथे महाग पडतो, तिकडूनच पाठव. अंगातल्या कपड्यावर सही करत नाहीत, हे नातवाला आधीच सांग, नाहीतर टीशर्ट पुढे करेल. मुलांना टेबलाच्या बाहेरच्या कडेला बसवा, भिंतीकडे नको, म्हणजे वाकायला जागा राहते. आणि मोठ्यांनी फोन घेऊन मध्ये घुसू नये, हे जावईबापूंना तू सांग, मी सांगितलं तर लागेल त्यांना.

आरक्षण इथल्या सकाळी सहाला ऑनलाइन उघडतं. डिस्नेच्या हॉटेलात उतरणार असतील तर मुक्कामाच्या पहिल्या दिवसापासून साठ दिवस मोजायचे, पुढच्या दहा दिवसांपर्यंतची टेबलं त्याच वेळी धरता येतात. नाताळाच्या हिशेबाने तो दिवस ऑक्टोबरच्या शेवटी येतो, आणि तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. लेकीला वेळेवर फोन घेऊन बसव. चहा तू कर.

तुझी,
धाकटी