तिसऱ्या कॅसेटची दुसरी बाजू

दोस्तांनो, धडा लक्षात ठेवायचा असला की तुम्ही काय करता? कुणी घोकंपट्टी करतं, कुणी दहा वेळा लिहून काढतं. मी तेरा वर्षांचा असताना मला एक वेगळीच युक्ती सापडली. पण ती सापडण्याआधी माझ्या हातून एक मोठी चूक झाली. आधी तीच सांगतो.

गोष्ट १९९४ सालची. आम्ही अकोल्याला जठारपेठेत राहायचो. आमच्या शेजारचा दादा अमरावतीला बी. ए. करत होता. त्याला जन्मापासून दिसत नव्हतं. तो होस्टेलमध्ये राहायचा आणि पंधरा दिवसांनी एस. टी.नं घरी यायचा. त्याच्या अभ्यासाची सगळी पुस्तकं ब्रेलमध्ये मिळत नव्हती. कुणी वाचून दाखवलं तरच अभ्यास! आणि परीक्षा जवळ आली की होस्टेलमध्ये जो तो आपल्याच पुस्तकात.

म्हणून दादानं पैसे साठवून एक वॉकमन घेतला होता. तुमच्यापैकी पुष्कळांनी वॉकमन पाहिलाही नसेल. वहीच्या निम्म्या आकाराची डबी, आत कॅसेट, कानाला हेडफोन आणि दोन पेन्सिल सेल. जपानच्या सोनी कंपनीनं तो १९७९ साली पहिल्यांदा बाजारात आणला. गंमत म्हणजे, पत्रकारांसाठी बनवलेल्या छोट्या टेपरेकॉर्डरमधून रेकॉर्डिंगची सोय काढून टाकली आणि वॉकमन तयार झाला! पहिल्या वॉकमनला हेडफोन लावायची दोन भोकं होती, म्हणजे दोघांना मिळून ऐकता यायचं.

दादाच्या वॉकमनवरही नुसतं ऐकता यायचं. रेकॉर्डिंगसाठी आमच्या घरचा टू-इन-वन होता. एक दिवस दादा म्हणाला, "तुहा आवाज चांगला हाये बे. इतिहासाचं पुस्तक वाचून टेप करून देतं का मले? मी तिकडं आयकत जाईन."

मी मोठ्या ऐटीत हो म्हटलं. पण काम सोपं नव्हतं! मार्च महिन्यातलं अकोल्याचं ऊन, आणि आवाज येतो म्हणून पंखा बंद. घामाच्या धारा पुसत वाचायचं. मध्येच भाजीवाल्याची आरोळी यायची, आईच्या कुकरची शिट्टी व्हायची. ते सगळं टेपमध्ये जायचं. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासात संपायची. असं करत चार कॅसेट भरल्या. तिसऱ्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं होती.

आणि तिथंच घात झाला. एका रविवारी रेडिओवर माझी आवडती गाणी लागली. कोरी कॅसेट घरात नव्हती. समोर तिसरी कॅसेट पडलेली. म्हटलं, आता गाणी घेऊ, धडा उद्या पुन्हा वाचू. बटण दाबलं आणि अख्खी राज्यक्रांती पुसली गेली!

तो 'उद्या' काही आला नाही. शनिवारी दादा दारात उभा. "झालं का रे सगळं?"

"हो, झालं," मी म्हणालो. कॅसेट पिशवीत घालताना माझे हात थरथरत होते, पण दादाला ते कसं दिसणार?

परीक्षा संपवून दादा परत आला, तेव्हा मी घरात दडून बसलो. त्यानं हाक मारली. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "पेपरच्या आदल्या रातच्याला लावली ती कॅसेट. गाणे सुरू झाले. मले वाटलं, पुढं असंन धडा. शेवटपर्यंत आयकलं." आणि प्रश्न नेमका त्याच धड्यावर आला होता. त्यानं तो सोडून दिला.

मग म्हणाला, "पुसलं त्याचं काही नाही बे. मले सांगतलं असतं, तर मी कोणाकून तरी वाचून घेतलं असतं. तू हो म्हणालास, म्हणून मी बसलो विसंबून."

दोस्तांनो, मी त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी त्यानंच मला कॅसेटच्या वरच्या कडेची दोन प्लॅस्टिकची चौकोनी चकती चाचपून दाखवली. ती तोडली की रेकॉर्डिंगचं बटण दबतच नाही. बोटांनी शोधून पटकन तोडून दाखवली. मी मात्र दोन वर्षं हे यंत्र रोज बघत होतो, तरी मला ते ठाऊक नव्हतं!

पुढची दोन वर्षं मी त्याच्यासाठी वाचलं. फ्रेंच राज्यक्रांती तर तीनदा वाचली. आणि युक्ती सापडली ती इथं. दुसऱ्याला समजेल असं सावकाश वाचायचं, तर आधी आपल्याला समजावं लागतं. मग तीच टेप मी स्वतः ऐकायचो. जिथं मला कळलं नव्हतं, तिथं माझाच आवाज अडखळलेला ऐकू यायचा! इतिहासात पस्तीसवर अडकणारा मी दहावीत बाहत्तरवर गेलो.

दादा दुसऱ्या वर्गात बी. ए. झाला. पुढं शिक्षक झाला. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरच्या आश्रमात वाढलेली माला पापळकर हिलाही दिसत नाही. ती २०२४ साली एमपीएससीची परीक्षा पास झाली. ती बातमी वाचून मी लगेच दादाला फोन लावला होता.

आता वॉकमन गेला. रेकॉर्डिंगचं बटण घरच्या मोबाइलमध्येच आहे. एक धडा मोठ्यानं वाचून ऐकून बघा. तुमच्या वर्गात, गल्लीत कुणाला दिसत नसेल, तर त्याला विचारा, काय वाचून हवंय. मात्र हो म्हणाल, तर पूर्ण करा. नाही जमलं, तर वेळेवर सांगा.

ती तिसरी कॅसेट दादानं मला परत दिली. एका बाजूला माझा आवाज आणि आईच्या कुकरची शिट्टी आहे, दुसऱ्या बाजूला गाणी. ती गाणी मी पुन्हा कधी ऐकली नाहीत.