आधी कच्ची वही

आमच्या लहानपणी बाबांच्या दुकानात गादीजवळ दोन वह्या असत. दिवसभराचा प्रत्येक व्यवहार प्रथम कच्च्या वहीत उतरे. तिच्यात खाडाखोड असे, बेरजा पुन्हा पुन्हा मांडलेल्या असत. रात्री मेळ बसला म्हणजेच नोंदी पक्क्या वहीत जात आणि तिच्यात खाडाखोड चालत नसे. "कच्च्या वहीतली चूक फुकट असते, पक्क्या वहीतली महाग पडते," असे बाबा म्हणत. पुढे मी व्यापारात गेले नाही. भंडारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवू लागले. बाबांचे ते वाक्य माझ्याही विषयाचे आहे, हे कळण्यासाठी मात्र माझ्या हातून एका विद्यार्थिनीवर अन्याय व्हावा लागला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेच्या प्रदर्शनासाठी नववीच्या मुलांना मी वास्तूची प्रतिकृती करावयास सांगितले. काय करावे हे सांगितले. कसे योजावे हे सांगितले नाही. मुलांनी त्याच दिवशी कात्री हाती घेतली. आपल्याच समाजातील, एका व्यापाऱ्याच्या मुलाने शिखरबंद मंदिर करावयास घेतले आणि आरंभ केला तो शिखरापासून. ते सुरेख झाले, पण खालचा मंडप त्याला पुरेना. त्याने मंडप मोडला, पुन्हा केला, पुन्हा मोडला. मी हटकले तेव्हा तो सहजपणे म्हणाला, "पुठ्ठ्याचं काय, मॅडम, दुकानात पडलाच आहे."

त्याच वर्गात भातगिरणीत काम करणाऱ्या एका गृहस्थांची मुलगी होती. तिने स्वतःचे कौलारू घर केले. रंग नाही, झगमग नाही. प्रदर्शनाच्या दिवशी दुपारपर्यंत मंदिराचे शिखर एका अंगाला कलू लागले. मागून कोणाला दिसणार नाही अशा बेताने मी त्याला कंपासपेटीचा टेकू दिला. आणि पहिला क्रमांकही मीच त्या मंदिराला दिला. घराच्या प्रतिकृतीपुढे मी 'साधी, नीटनेटकी' असा शेरा लिहिला होता.

आठ दिवसांनी वह्या तपासताना त्या मुलीच्या वहीची मागची पाने उघडली गेली. तिने घराची लांबी-रुंदी वितींनी मोजून लिहिली होती. किराणा दुकानातून मागून आणलेले एकच रिकामे खोके तिच्याजवळ होते. ते उलगडले म्हणजे केवढे होईल याची आकृती काढून तिने चार भिंती आणि छपराच्या दोन उतरत्या बाजू त्यात बसवून पाहिल्या होत्या. पहिल्या आकृतीत छप्पर मावत नव्हते. दुसरीत मावत होते, पण छापील अक्षरे बाहेर येत होती. तिसरीत ती आतल्या बाजूस गेली होती. म्हणजे कात्री लावण्यापूर्वी तिने ते घर तीनदा बांधले होते. तिला दुसरे खोके मिळणार नव्हते, म्हणून तिने चूक कागदावर करून घेतली होती. आणि ज्याच्या दुकानात पुठ्ठा पडला होता, त्याला विचार करण्याची गरजच भासली नव्हती.

निकाल जाहीर झाला होता. मी वर्गात तिची वही सर्वांना दाखवली, माझे परीक्षण चुकले असे स्पष्ट सांगितले आणि तिची क्षमा मागितली. ती नुसती खाली पाहत राहिली. क्षमावाणीला आपण इतक्यांना क्षमा मागतो; पण पन्नास विद्यार्थ्यांसमोर एका मुलीची मागताना शब्द जड होतात, हे त्या दिवशी अनुभवले.

तेव्हापासून माझा नियम ठरला आहे : निम्मे गुण योजनेच्या वहीला, आणि ती पाहिल्याशिवाय कोणी पुठ्ठा कापावयाचा नाही. पुढच्या वर्षी पंचांच्या परवानगीने मुलांना गावातील जिनमंदिरात नेले. मंदिर आठ मीटर रुंद आणि अठरा मीटर लांब भरले. एका मीटरला दोन सेंटिमीटर, म्हणजे १:५० हे प्रमाण धरले. प्रतिकृती १६ आणि ३६ सेंटिमीटरची ठरली. शिखराची उंची सावलीवरून काढली. एक मीटरच्या काठीची सावली ८० सेंटिमीटर पडली, आणि शिखराची सावली बाजूच्या भिंतीपासून ५.६ मीटर. मुलांनी भागाकार करून उंची सात मीटर सांगितली. मी म्हटले, "शिखर भिंतीवर आहे की गाभाऱ्यावर?" मग एकाच्या ध्यानात आले, की सावली शिखराच्या बरोबर खालून मोजली पाहिजे, अर्धी रुंदी, म्हणजे चार मीटर, मिळवलीच पाहिजे. ९.६ भागिले ०.८, उंची बारा मीटर. ही चूक वहीतच सापडली नसती तर मंदिर ठेंगणे झाले असते.

दुसरी गोष्ट पुठ्ठ्याच्या जाडीची. समोरची आणि मागची भिंत पूर्ण १६ सेंटिमीटरची घेतली आणि बाजूच्या भिंती त्यांच्यामध्ये बसवल्या, तर तीन मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्यात त्या ३६ नव्हे, ३५.४ सेंटिमीटरच्या कापाव्या लागतात. हे सहा मिलिमीटर जो आधी वजा करीत नाही, त्याचा कोपरा कधी जुळत नाही. त्यानंतर रद्दी कागदाची कच्ची प्रतिकृती, आणि शेवटी पुठ्ठा. चिकटवण्यास आम्ही सरस वापरीत नाही, तो प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून होतो. मैद्याची खळ पुरते.

वेरूळच्या ३२ व्या लेण्यातील, इंद्रसभेतील अंगणात एका अखंड खडकातून कोरलेले लहान मंदिर आहे. तेथे काढलेला दगड परत लावता येत नव्हता; कारागिराच्या मनात मंदिर आधी पूर्ण उभे असल्यावाचून छिन्नी चालली नसेल. अजमेरला सोनीजींच्या नसियांमध्ये लाकडावर सोन्याचा मुलामा दिलेली अयोध्यानगरी आहे. सेठ मूलचंद सोनींच्या घराण्याने एकोणिसाव्या शतकात करविलेली ती भव्य प्रतिकृतीच होय. पाहणाऱ्याला तिचे सोने दिसते. माझ्या विद्यार्थ्यांना मी त्याखालच्या सुतारकामाची मापे आठवावयास सांगते.

मुनींच्या पाच समितींपैकी एक आदान-निक्षेपण समिती. वस्तू उचलताना आणि ठेवताना आधी पाहावे, मग हात लावावा. ती जीवदयेसाठी आहे. पण आधी पाहण्याची तीच सवय विद्यार्थ्याच्या कात्रीलाही शिकवता येते, असे मला वाटते. वाया गेलेला पुठ्ठा म्हणजे कोठेतरी तोडलेले झाड, खर्चलेले पाणी आणि कोणाचे तरी श्रम. तो आपल्या दुकानात पडला आहे म्हणून फुकट होत नाही.

म्हणून पालकांना एकच विनंती. शाळेच्या प्रकल्पासाठी मुलगा किंवा मुलगी सामानाची यादी घेऊन आली, तर पैसे काढण्याआधी म्हणावे, "तुझी कच्ची वही आण पाहू." ती नसेल तर यादी परत द्यावी. त्या मुलीने तिच्या आकृत्यांची नक्कल मला काढू दिली. दर वर्षी नववीच्या पहिल्या तासाला ती मी फळ्यावर लावते आणि काही न बोलता मुलांना पाहू देते.