आधी लाइट बघा, मग मोटर

‘मला जावा जमत नाही.’

हे वाक्य मी हट्ट्यात दरवर्षी ऐकते. साधारण मार्च-एप्रिलमध्ये. तेव्हा गावात हळद शिजवायचं काम जोरात असतं आणि नांदेड-परभणीला शिकणाऱ्या पोरापोरींच्या प्रोजेक्टच्या तारखा डोक्यावर आलेल्या असतात. बोलणारं पोर बहुतेक मराठी माध्यमातून आलेलं, घरातलं पहिलं इंजिनिअर होऊ घातलेलं. लॅपटॉप हप्त्यावर घेतलेला. स्क्रीनवर लाल अक्षरांची वीस-तीस ओळींची इंग्रजी रांग. तेवढ्यावरून त्याने स्वतःबद्दल निकाल लावून टाकलेला असतो.

मी हट्ट्यात राहून पुण्यातल्या एका टीमसाठी काम करते. जुन्या जावावर चालणारी सॉफ्टवेअर्स नव्या जावावर आणि नव्या सर्व्हरवर नेणं, हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्यामुळे एक गोष्ट खात्रीने सांगू शकते. या पोरांच्या लॅपटॉपवर दिसणाऱ्या त्या लाल रांगांपैकी बऱ्याच रांगांचा त्यांच्या बुद्धीशी काही संबंध नसतो. संबंध असतो तो तारखांशी. एक वस्तू एका सालची, दुसरी वेगळ्या सालची, आणि दोघींची भाषा जुळत नाही, एवढंच.

गेल्या वर्षी एकजण आला होता. त्याचं प्रोजेक्ट हळदीच्या आवक-भावाची नोंद ठेवणारं. साधंच, पण नीट केलेलं.

“ताई, घरी मस्त चालू लालंय. कॉलेजात नेलं की बंद. कालपासून करायलोय, काही समजंना.”

“कॉलेजात जावा कोणता आहे?”

“जावा म्हणजे जावाच की.”

खरी अडचण या उत्तरात होती. आणि ती त्याला कुणी सांगितलीच नव्हती. जावा नावाची एकच एक वस्तू नसते. प्रोजेक्ट करताना निदान तीन ठिकाणी जावा असतो. एक्लिप्ससारखं ज्या अवजारात आपण कोड लिहितो, ते अवजार स्वतः जावावर चालतं. हा पहिला. आपला कोड ज्या जावासाठी कम्पाइल होतो, तो दुसरा. आणि टॉमकॅटसारखा सर्व्हर ज्या जावावर उभा असतो, तो तिसरा. तिन्ही एकाच आकड्याचे असतील तर हे तीन आहेत हे कळतसुद्धा नाही. आकडे वेगळे झाले की भांडण सुरू.

या पोराने ‘नवीन ते चांगलं’ म्हणून घरी जावा २१ घेतला होता. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं, कारण कुठलीही वेबसाइट सगळ्यात मोठं बटण नव्यालाच देते. कॉलेजच्या लॅबमध्ये जावा ८ होता. म्हणजे मार्च २०१४ मध्ये आलेला. तिथलं पहिलं एरर होतं ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’. त्या लांबलचक वाक्यात दोनच आकडे महत्त्वाचे होते, ६५ आणि ५२.

हे आकडे कुठून येतात ते बघण्यासारखं आहे. आपण लिहिलेला कोड कम्पाइल झाला की क्लास फाइल बनते. जगातली कुठलीही क्लास फाइल उघडा, तिचे पहिले चार बाइट सारखेच असतात. सोळा-आधारी अंकांत वाचले तर ‘कॅफेबेब’ असा शब्द निघतो. ती ओळखीची खूण, सरकारी कागदावरच्या शिक्क्यासारखी. तिच्या थोडं पुढे एक आकडा असतो, ही फाइल कोणत्या जावासाठी लिहिली आहे ते सांगणारा. जावा ८ चा आकडा ५२, ११ चा ५५, १७ चा ६१, २१ चा ६५. जावाच्या आकड्यात ४४ मिळवा, झालं. नवा जावा जुन्या आकड्याची फाइल वाचतो. जुना जावा मात्र आपल्यापेक्षा मोठा आकडा दिसला की पुढचं काही न वाचता फाइल परत करतो. कोड चांगला आहे की वाईट, हे त्याने पाहिलेलंच नसतं.

म्हणजे त्या लाल रांगेचा सरळ मराठीत अर्थ एवढाच: “ही फाइल ६५ ची आहे, मला ५२ पर्यंतच वाचता येतं.” यात ‘तुला जमत नाही’ हे वाक्य कुठेच नाही.

एक्लिप्समध्ये कम्पायलरची पातळी आठवर आणली आणि हे एरर गेलं. पण पोराच्या चेहऱ्यावर आनंद टिकला नाही, कारण लॅबमध्ये गेल्यावर दुसरं एरर उभं राहिलं. आता सर्व्हर म्हणत होता की ‘जकार्ता’ नावाने सुरू होणारी सर्व्हलेटची क्लास मला सापडत नाही. तो फोनवर जवळजवळ रडकुंडीला आला होता. “ताई, एक काढलं की दुसरं निघतंय. मला नाही जमणार हे.”

आता हे जकार्ता काय आहे? याचं उत्तर कॉम्प्युटरच्या पुस्तकापेक्षा आमच्या गावाच्या कागदपत्रांत लवकर सापडेल.

१ मे १९९९ ला परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. हट्टा जागचं हललं नाही. तीच घरं, तीच शेतं, तालुकाही तोच, वसमत. पण त्याआधीच्या टीसीवर ‘जि. परभणी’ आहे आणि आधारवर ‘जि. हिंगोली’. त्यात तालुक्याचं नाव कुठे वसमत लिहितात, कुठे बसमत. पूर्वी ऑफिसातला बाबू कागद बघायचा, मान डोलवायचा आणि म्हणायचा, हां, तेच ते. ऑनलाइन फॉर्मला ‘तेच ते’ म्हणता येत नाही. अक्षर जुळलं तर आहे, नाही जुळलं तर नाही.

जावाच्या जगात अगदी हेच घडलं. सर्व्हरवर चालणाऱ्या जावाच्या मोठ्या संचाला जावा ईई म्हणायचे. तो सन कंपनीचा. २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेली. २०१७ मध्ये ओरॅकलने हा संच एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं. कोड दिला, पण ‘जावा’ या नावाचा ट्रेडमार्क ओरॅकलकडेच राहिला. म्हणून २०१८ मध्ये संचाचं नाव बदलून जकार्ता ईई झालं. आता जकार्ता शहर जावा बेटावरच आहे, तेव्हा नावाचं नातं काही तुटलं नाही. अडचण होती आतल्या पत्त्यांची. या संचातल्या क्लासचे पत्ते ‘जावाएक्स’ शब्दाने सुरू व्हायचे. ते पत्ते ठेवून आत बदल करायची मुभा नव्या संस्थेला मिळेना. बोलणी फिसकटली. शेवटी डिसेंबर २०२० मध्ये जकार्ता ईई ९ आलं आणि ‘जावाएक्स.सर्व्हलेट’ होतं तिथे ‘जकार्ता.सर्व्हलेट’ झालं.

काम तेच. वागणूक जवळपास तीच. फक्त पत्त्याचा पहिला शब्द बदलला. टॉमकॅट ९ पर्यंत जुना पत्ता चालतो, टॉमकॅट १० पासून फक्त नवा. मधला बाबू नाही, त्यामुळे ‘तेच ते’ म्हणणारं कुणी नाही.

पोराने घरी टॉमकॅट १०.१ घेतला होता. कॉलेजने दिलेल्या नमुना कोडमध्ये ‘जावाएक्स’ होतं, ते घरी लाल दिसायला लागलं. एका व्हिडिओत बघून त्याने सगळीकडे ‘जकार्ता’ केलं. घरी चाललं. लॅबमध्ये टॉमकॅट ९, तिथे हा पत्ताच माहीत नाही. म्हणजे व्हिडिओ बरोबर होता, पोराने केलेला बदल बरोबर होता आणि लॅबचा सर्व्हरही आपल्या जागी बरोबर होता. तिघं बरोबर असूनही प्रोजेक्ट बंद. जुळणीच्या दुखण्याचा स्वभावच हा. दोषी शोधायला गेलात तर कुणी सापडत नाही, आणि मग माणूस स्वतःलाच धरतो.

शहरात अशा चुकामुकीची किंमत अर्धा तास असेल. शेजारच्या खुर्चीवरचं कुणीतरी सांगतं, अरे, दहा कशाला घेतलास, नऊ घे. हट्ट्यात मोबाइलचा दिवसाला दीड जीबीचा पॅक असतो. एक्लिप्सचा सर्व्हरवाला संच पाचशे एमबीच्या आसपास. जावा दीडशे-दोनशे. दोनदा चुकीचं डाउनलोड झालं की दिवस संपला. त्यात लाइट गेली की संध्याकाळही गेली. करून बघ, पुसून टाक, परत कर, ही शिकण्याची पद्धत इथे महाग पडते. म्हणून इथल्या पोराला आधी विचार करायची रीत हवी, आणि नेमकी तीच कुणी शिकवत नाही.

खरं तर ती रीत आमच्याकडे घरोघरी आहे. विहिरीवरची मोटर चालू होईना, तर कुणी लगेच मोटर वर ओढायला जात नाही. आधी लाइट बघतात, तिन्ही फेज आहेत का. मग स्टार्टर. मग केबल. मोटर बाहेर काढणं सगळ्यात शेवटी. आणि दोनच फेज असतील तर ‘मला शेती जमत नाही’ असं आजवर कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

मी त्या पोराला हेच सांगितलं. लाइट म्हणजे जिथे प्रोजेक्ट शेवटी चालवून दाखवायचं आहे तिथला सर्व्हर. तो तुझ्या हातात नाही. म्हणून सुरुवात तिथून कर. लॅबमध्ये जाऊन दोन गोष्टी लिहून आण, टॉमकॅट कोणता आणि तो कोणत्या जावावर चालतो. टॉमकॅट ९ ला जावा ८ पुरतो, १०.१ ला किमान ११ लागतो, ११ नंबरच्या टॉमकॅटला १७. मग त्याला जुळेल तसं घरचं मांड. एक्लिप्स हवं तेवढं नवं ठेव. अवजार नवं असलं तरी ते जुन्यासाठी काम करू शकतं, फक्त त्याला तसं सांगावं लागतं.

यात एक बारीक खाच आहे, ती इथे सांगते कारण तिने भल्याभल्यांचा दिवस घालवलेला मी पाहिलाय. कम्पायलरची पातळी आठ केली तरी शब्दकोश २१ चाच राहू शकतो. म्हणजे व्याकरण जुनं आणि शब्द नवे. मजकूर रिकामा आहे का हे विचारणारी ‘इजब्लँक’ ही मेथड जावा ११ मध्ये आली. घरी ती मुकाट्याने कम्पाइल होते, आकडाही ५२ पडतो, आणि लॅबमध्ये तेवढंच बटण दाबल्यावर सर्व्हर म्हणतो, अशी मेथडच नाही. यावर उपाय जावा ९ पासून कम्पायलरमध्ये आहे, ‘रिलीज’ नावाचा पर्याय. एक्लिप्सच्या सेटिंगमध्ये त्याची चौकट असते. ती निवडली की व्याकरण आणि शब्दकोश दोन्ही आठचे होतात आणि चूक घरीच दिसते.

त्याने टॉमकॅट ९ उतरवून घेतला. तो बारा-पंधरा एमबीचा असतो, पॅकला फार धक्का लागला नाही. ‘जकार्ता’चं परत ‘जावाएक्स’ केलं, रिलीज आठवर ठेवलं. दोन दिवसांनी फोन आला, चाललं म्हणून.

यावरून कुणी म्हणेल की कॉलेजांनी जुना जावा ठेवलाच कशाला. मला ते एवढं सरळ वाटत नाही. जावा ८ ला आजही दुरुस्त्या मिळतात आणि त्यावर चालणारी कामाची सॉफ्टवेअर्स अजून भरपूर आहेत. तीच पुढे आणायची म्हणून तर मला पगार मिळतो. जावा ११ मधून काही जुने भाग काढून टाकले गेले, एक्सएमएल वाचणारा जॅक्स-बी त्यातलाच. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूट ३ ने तर जावा १७ आणि जकार्ता, दोन्ही सक्तीचे केले. मोठमोठ्या टीमसुद्धा यासाठी महिने राखून ठेवतात, याद्या करतात, एकेक गाठ सोडवतात. त्यांच्याकडे तीच एरर येतात जी हट्ट्यातल्या लॅपटॉपवर येतात. फरक इतकाच की तिथे कुणी ‘मला जमत नाही’ म्हणत नाही. तिथे म्हणतात, ‘मायग्रेशन चालू आहे.’

जुना जावा शिकवण्यात वावगं काही नाही. पण तो जुना आहे, त्याचा आकडा अमुक आहे, आणि बाहेर दुसरे आकडे आहेत, हे न सांगणं वावगं आहे. आकडा माहीत नसलेलं पोर पुण्यात मुलाखतीला जातं, तिथे नवा कोड समोर येतो, ओळखीचा पत्ता दिसत नाही आणि ते गप्प होतं. ‘मी जावा ८ आणि टॉमकॅट ९ वर काम केलंय, जकार्तात पत्ता बदललाय एवढं माहीत आहे’ हे उत्तर त्या गप्प बसण्यापेक्षा कितीतरी भारी आहे. आणि ते खरंही आहे.

आता माझ्याकडे एक पेन ड्राइव्ह आहे. त्यात ओपनजेडीकेचे ८, १७ आणि २१ असे तीन फोल्डर, टॉमकॅट ९ आणि १०.१, आणि एक्लिप्स. सगळं मुक्त परवान्याचं, त्यामुळे कॉपी करून द्यायला हरकत नाही. वर ‘आधी हे वाच’ नावाची एक फाइल, तिच्यात कोणासोबत काय जुळतं त्याच्या मोजून सहा ओळी. पेन ड्राइव्ह हट्ट्यातून वसमतला जातो, कधी महिनाभर परतच येत नाही. मागच्या वेळी परत आला तेव्हा त्या फाइलमध्ये सातवी ओळ होती, मी न लिहिलेली. डेटाबेसचा ड्रायव्हर कोणत्या जावाला कोणता लागतो, त्याबद्दलची. मी तपासून पाहिली. बरोबर होती.