बुंदीच्या नावाची शीट

बुंदी घरी आली त्या रात्री तिनं माझ्या बुटात शू केली आणि मी तिच्या नावाची एक्सेल शीट उघडली. सवयच आहे. काहीही अंगावर आलं की आधी रकाने आखायचे. बुंदी म्हणजे वाकडच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेलं, दोनेक महिन्यांचं देशी पिल्लू. फुकट मिळालेलं. हा 'फुकट' शब्द मी त्या रात्री रूममेटला दोनदा तरी ऐकवला असेल.

पहिले रकाने सोपे होते. तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं लसीचे डोस, तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस, मग दरवर्षी पुन्हा. जंताचं औषध. महापालिकेचा परवाना, त्याला रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. नसबंदीचे ७,०००. खाण्याचे महिन्याला ३,०००. वर १५ टक्के बफर. ऑफिसात अंदाज चुकला की आम्ही 'रिक्वायरमेंट बदलली' म्हणून मोकळे होतो. इथे रिक्वायरमेंट माझ्या चपला खात होती.

काही खर्च तर सुचलेच नव्हते. दिवाळीला बार्शीला जायचं तर बुंदीला पाच दिवस बोर्डिंगमध्ये ठेवायचं, दिवसाला ७००. माझ्या जाण्यापेक्षा तिचं न जाणं महाग. घर बदललं तेव्हा कुत्रं चालणारा फ्लॅट दोन हजारांनी जास्त पडला. ते दोन हजार कुणी भरायचे यावरून रूममेटशी आठवडाभर अबोला. शेवटी मीच भरते.

पण एक रकाना मी स्वतः पुसला. गोचिडांसाठी चघळायची गोळी असते, एक गोळी तीन महिने चालते, १,९०० रुपयांची. जूनमध्ये मी नवा फोन घेतला होता. अंगावर गोचीड दिसत नाहीत, मग कशाला, असं म्हणत त्या महिन्यात शून्य टाकलं. शीट हिरवी झाली. मला बरं वाटलं.

ऑगस्टमध्ये बुंदीनं खाणं सोडलं. आधी वाटलं नखरे. तिसऱ्या दिवशी फरशीवर तिच्या नाकातून पडलेले रक्ताचे थेंब दिसले. दवाखान्यात रक्त तपासलं, प्लेटलेट्स ३८ हजार. कुत्र्याच्या दोन लाखांच्या जवळपास तरी असाव्या लागतात. गोचीड चावल्यानं रक्तात शिरणारा एर्लिकिया नावाचा जंतू. तीन दिवस सलाईन, २८ दिवस डॉक्सिसायक्लिन. मध्ये बरं वाटलं तरी कोर्स सोडायचा नाही, हे डॉक्टरांनी तीनदा बजावलं. मग जरा थांबून म्हणाले, "अजून खाली गेल्या तर रक्त द्यावं लागेल. कुठपर्यंत जायचं ते घरी बोलून ठेवा."

घरी म्हणजे मीच. बाहेर बाकावर बसून मोबाइलवर शीट उघडली आणि खाली नवी ओळ घातली : 'कमाल मर्यादा'. ३०,००० लिहिलं, पुसलं. ५०,००० लिहिलं. खात्यात एक लाख दहा हजार होते आणि त्यातले साठ पप्पांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला काढलेले. म्हणजे पन्नासच्या पुढचा प्रत्येक रुपया पप्पांच्या गुडघ्यातला. पुन्हा पुसलं. त्या रात्री पाळीव प्राण्यांच्या विम्याच्या अटीही वाचल्या. आजार सुरू झाल्यावर काढलेल्या विम्यातून त्या आजाराचे पैसे मिळत नाहीत. साहजिकच आहे, पण रात्री दोन वाजता ते वाचून मला रडू आलं.

रक्त द्यावं लागलं नाही. पाचव्या दिवशी प्लेटलेट्स वर सरकल्या आणि तिनं माझ्या हातातलं उकडलेलं अंडं हिसकावलं. एकूण बिल २३,६४०.

पप्पांना मी अडीच हजार सांगितले होते. ते पतसंस्थेत क्लार्क होते, त्यांच्या डायरीत चहाचे दोन रुपयेही सुटायचे नाहीत. पण पुढच्या रविवारी फोनवर राहवलं नाही आणि खरा आकडा सांगितला. आता ओरडतील म्हणून फोन कानापासून जरा लांबच धरला.

बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "नाकातनं रक्त आलं होतं का गं?"

"हो."

"वाघ्यालापण आलं होतं."

वाघ्या आमच्या वस्तीवरचा कुत्रा. २००८ साली गेला, मी सहावीत होते. म्हातारा झाला होता, असं मला सांगितलेलं. मी आता हिशोब केला. तो जेमतेम चार वर्षांचा होता.

"डॉक्टरनं तीनशे सांगितले होते," पप्पा म्हणाले. "इंजेक्शनं आणि गोळ्या धरून. तुझी शाळेची फी भरायची होती त्या आठवड्यात. मी नाही म्हणालो."

मी काय बोलणार? तुमचं बरोबरच होतं पप्पा, असं म्हणायला तोंड उघडलं, पण माझ्या शीटमधल्या जूनच्या शून्याला कुठल्या फीचं कारण होतं?

मग तेच बोलायला लागले. "गोळी दिलीस तरी घरातले गोचीड मरणार नाहीत. भिंतीच्या फटीत बसतात ते, अंडी तिथंच घालतात. बाल्कनीत बघ. टॉर्च लाव आणि खालच्या अंगाला बघ."

टॉर्च लावून पाहिलं. बुंदीच्या गादीमागे, फरशी आणि भिंतीच्या सांध्यात, वाटाण्याएवढा एक आणि त्याच्याभोवती तिळाएवढे कितीतरी.

"आहेत पप्पा."

"मग आधी औषध मार, कुत्रीला दिवसभर आत ठेव. वाळलं की फटी बुजव. पांढरं सिमेंट आण किलोभर. पाणी कमी घाल, नाहीतर तडकतं."

शीटमध्ये गोचिडांच्या गोळीचा रकाना परत आला आहे, वर्षातून चार वेळा, आणि तो मी लॉक केला आहे. कमाल मर्यादेसमोरची जागा अजून रिकामी आहे. दर महिन्याला २,००० रुपयांची आवर्ती ठेव सुरू केली, ती बुंदीची. पप्पांच्या गुडघ्याची तारीख डिसेंबरमधली मिळाली आहे. त्या रविवारची नोंद अशी आहे : पांढरं सिमेंट, एक किलो, ४० रुपये.