वेळासचा काळोख आणि कॅमेऱ्यातले आकाश

मुंबई-ठाण्याच्या चाळींत आणि झोपडपट्ट्यांत वाढणाऱ्या आपल्या मुलांना आकाशगंगा कुठे असते असे विचारले, तर ती पुस्तकातले चित्र दाखवतात. दोष त्यांचा नाही. शहराच्या दिव्यांचा उजेड वर पसरतो आणि तारे बुजून जातात. म्हणून वस्तीतील काही कुटुंबे मिळून आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात, वेळासच्या किनाऱ्यावर गेलो. मार्च महिना, अमावस्येची रात्र. सोबत एक जुना कॅमेरा, एक स्टँड आणि मुलांचे मोबाईल.

वेळास हे कासवांचे गाव. २००२ पासून येथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखली जातात. अंड्यातून निघालेले पिल्लू उजळ क्षितिजाकडे धावते. काळोख्या किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचे असते. पण जवळ बल्ब पेटला की पिल्लू समुद्र सोडून दिव्याकडे वळते आणि मरते. त्यामुळे आधी गावकऱ्यांना विचारून, घरट्यांपासून दूर जागा धरली. फ्लॅश बंद, आणि टॉर्चला लाल जिलेटिन कागद गुंडाळला. लाल मंद उजेडात डोळ्यांची काळोखाची सवयही मोडत नाही.

दुसरी काळजी भरतीची. तारे टिपायला अमावस्या उत्तम, पण त्याच दिवसांत समुद्राला उधाण असते. कोळी बांधवांचा हिशेब सोपा आहे: तिथीचा आकडा पाऊणपट करावा, ती भरतीची साधारण वेळ. अमावस्येची तिथी पंधरावी, म्हणजे रात्री अकरा-बाराच्या सुमारास पाणी वर येणार. स्टँड वाळूत खालच्या बाजूला ठेवून चालत नाही.

आता फोटोचा हिशेब. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून शटर जास्त वेळ उघडे राहिले तर ताऱ्याचा ठिपका न उमटता रेघ उमटते. ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागावे. २४ मिलिमीटरच्या रुंद लेन्सला सुमारे २० सेकंद मिळतात. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात त्याला आणखी दीडने भागावे, म्हणजे १३-१४ सेकंद. आयएसओ ३२००, छिद्र जास्तीत जास्त उघडे, आणि फोकस हाताने एखाद्या ठळक ताऱ्यावर. नव्या मोबाईलमध्ये रात्रीच्या फोटोची सोय असते. तो दगडाला टेकवून स्थिर ठेवला तरी काम भागते.

रात्री नऊला मृग आणि व्याध पश्चिमेकडे कलले होते, दक्षिणेला अगस्त्य होता. उत्तरेला ध्रुव क्षितिजापासून सुमारे १८ अंशांवर, कारण वेळासचे अक्षांशही तेवढेच. हात लांब करून मूठ धरली तर ती १० अंश होते. मुलांनी दोन मुठींच्या आत ध्रुव शोधला. पहाटे चारला आग्नेयेला, जमिनीच्या बाजूने, वृश्चिक आणि धनू राशींतून आकाशगंगेचा दाट पट्टा वर आला. तीच आकाशगंगा समुद्रावर टिपायची असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अमावस्येला, अंधार पडताच, नैर्ऋत्येकडे पाहावे.

फोटोत आणखी एक गोष्ट उमटली. क्षितिजालगत पिवळसर पट्टा होता. डोळ्यांना तो जाणवत नव्हता, पण २० सेकंदांत कॅमेऱ्याने पकडला. तो दूरच्या दिव्यांचा उजेड.

काही वाचक म्हणतील, आमच्या वाडीत खांबावर दिवा यावा म्हणून आम्ही वर्षानुवर्षे अर्ज केले आणि तुम्ही काळोखाचे गोडवे गाता? तसे नाही. रस्त्यावर, नळावर, मुलीबाळींच्या वाटेवर दिवा हवाच. परंतु त्याचा उजेड वाटेवर पडला पाहिजे. आकाशात गेलेला उजेड म्हणजे वाया गेलेली वीज, आणि तिचे बिल आपणच भरतो. जानेवारी २०२४ मध्ये आपल्याच राज्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तेथील गावांतील दिवे काढून टाकले नाहीत, जमिनीकडे वळवले.

तेव्हा ग्रामसभेत दिव्याची मागणी करताना वरून झाकलेला, खाली उजेड टाकणारा दिवा मागावा. आणि सुट्टीत गावी जाल तेव्हा एक अमावस्या मुलांसाठी राखून ठेवावी. आकाश पाहायला तिकीट लागत नाही.