मोकळ्या मैदानातील रसविघ्ने

आस्वादाची मीमांसा बहुधा सफल आस्वादाची असते. रस निष्पन्न झाला म्हणजे काय झाले, हे सांगण्यासाठी संस्कृत साहित्यशास्त्राने आणि त्याच्या आधाराने मराठी समीक्षेने विपुल श्रम केले. तो निष्पन्न झाला नाही तेव्हा श्रोत्याचे नेमके काय झाले, हा प्रश्न मात्र कलाकृतीच्या दोषांकडे वळवून निकालात काढला गेला. अभिनवगुप्त याला अपवाद आहे. ‘अभिनवभारती’त रससूत्राच्या विवेचनात त्याने सात रसविघ्ने सांगितली आहेत, आणि ती वाचताना असे वाटून जाते की हा मनुष्य कधीतरी एखाद्या प्रयोगाहून अत्यंत विरस होऊन घरी परतला असावा. र. पं. कंगले यांच्या ‘रस-भावविचार’मुळे (१९७३) हे विवेचन मराठी विद्यार्थ्याच्या हाती आले. बहुतेकांच्या लेखी मात्र उत्तरपत्रिकेत सात नावे ओळीने लिहिली की विषय संपतो.

ही सात नावे पुण्याच्या एका महाविद्यालयात पंचवीस वर्षे शिकवणारा मराठीचा एक अध्यापक, २०१० नंतरच्या दशकातील एका हिवाळ्यात, आपल्या मुलीसोबत रॉक संगीताच्या मैदानी महोत्सवाला गेला. तिकिटे मुलीने काढली होती. इच्छा त्याची होती, आणि ती मुलीच्या जन्माआधीची होती. १९८०च्या दशकात वसतिगृहात राहत असताना त्याने एका मित्राकडून एका ब्रिटिश वाद्यवृंदाची तबकडी नव्वद मिनिटांच्या टीडीके कॅसेटवर उतरवून घेतली होती. कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. तिच्यावरचे शेवटचे गाणे संपण्यापूर्वीच फीत संपत असे, आणि एका स्वराच्या मध्यावर ‘खट्’ असा आवाज होऊन सगळे थांबत असे. गाणे त्याने असेच पाठ केले. पुढे सीडी आली, पूर्ण गाणे ऐकायला मिळाले, तेव्हा त्या ‘खट्’च्या पुढचा मिनिटभराचा भाग त्याला परका वाटला. पाठचिकित्सेच्या परिभाषेत बोलायचे तर तो भाग त्याने प्रक्षिप्त ठरवला.

याच वसतिगृहात वरच्या वर्गातली मुले मळवलीच्या गोष्टी सांगत. लोणावळ्याजवळ मळवली येथे १९७१ साली ‘स्नेहयात्रा’ या नावाने उघड्या माळावर रॉक संगीताचा मेळावा भरला होता. सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांचे वय पाहता ते तेथे असणे शक्य नव्हते. तरी चिखल, चांदणे आणि गिटार यांचे वर्णन प्रत्येकजण प्रत्यक्षदर्शीच्या थाटात करी. अशा रीतीने या श्रोत्याच्या अपेक्षेचे क्षितिज दोन गोष्टींनी सिद्ध झाले होते: एक तुटलेली ध्वनिफीत आणि एक ऐकीव माळरान.

पुण्यात ‘एनएच-७ वीकेंडर’ २०१० साली सुरू झाला, आणि नंतरच्या वर्षांत शहराच्या परिघावर अशा प्रकारचे लहानमोठे मेळावे होऊ लागले. यांच्या जागा पाहिल्या तर एक गंमत ध्यानात येते. ज्या विस्तीर्ण हिरवळींना पुणेकर ‘लॉन्स’ म्हणतात, आणि ज्या मुळात लग्नांच्या जेवणावळींसाठी तयार झाल्या, त्यांवरच विद्रोहाचे हे संगीतही वाजते. येथे ज्या महोत्सवाचा विचार आहे त्याचे नाव गौण आहे. जागा मात्र अशीच होती. प्रवेशद्वारावरची कमान सोडली तर वऱ्हाड यायला हरकत नव्हती.

दुपारी चारला मनगटावर कापडी पट्टा बांधून दोघे आत गेले. मैदानात चार मंच होते आणि त्यांवर एकाच वेळी कार्यक्रम चालू होते. खाण्यापिण्यासाठी पट्ट्यात आगाऊ पैसे भरावे लागत, आणि पैसे भरण्याची रांग ही त्या मैदानातील सर्वांत शिस्तबद्ध गोष्ट होती. रात्री साडेआठला अपेक्षित वाद्यवृंद आला. हा श्रोता मंचापासून सुमारे शंभर मीटरांवर होता. त्याहून पुढे जाण्याइतके बळ त्याच्यात नव्हते. या अंतरावर ध्वनी प्रकाशाच्या मागून जवळजवळ तीन दशांश सेकंदाने पोचतो. ढोलावर काठी पडलेली दिसते, आणि ती पडून गेल्यावर ठोका ऐकू येतो. शिवाय खालच्या पट्टीतील ध्वनी लांब पसरतात आणि आडोशाला जुमानत नाहीत, त्यामुळे शेजारच्या मंचावरील निराळ्या लयीचे ठोके या गाण्यात अखंड मिसळत होते. पुढे हात उंचावलेले, हातांत फोन, आणि प्रत्येक फोनमध्ये तोच मंच अंगठ्याएवढा.

पहिली दोन गाणी तबकडीवर होती तशीच्या तशी वाजली. प्रथम समाधान वाटले. नंतर, हे घरी ऐकतोच की, असा विचार आला. तिसरे ते शेवटचे गाणे. जेथे आयुष्यभर ‘खट्’ ऐकू आले तेथे वाद्यवृंद थांबला नाही. त्याने गाणे लांबवले, श्रोत्यांना टाळ्या वाजवायला लावल्या, गायकाने पुण्याचे नाव चुकीच्या उच्चाराने घेतले आणि मैदान आनंदाने ओरडले. श्रोत्याच्या मनात काहीही झाले नाही. तबकडीसारखे वाजले तेव्हा ते निरर्थक वाटले आणि तबकडीपेक्षा वेगळे वाजले तेव्हा ते खोटे वाटले. मग वाद्यवृंदाने काय करावे अशी त्याची अपेक्षा होती?

या पेचाचे मूळ वाद्यवृंदात शोधणे अन्यायाचे होईल. रॉक संगीतात संहिता कोणती, हा मूलभूत प्रश्न आहे. थिओडोर ग्रेसिक याने १९९६ साली असे प्रतिपादन केले की या संगीतात मूळ कलाकृती म्हणजे ध्वनिमुद्रणच होय. प्रत्यक्ष प्रयोग हा त्याचा अनुवाद. बीटल्सनी १९६६च्या ऑगस्टनंतर दौरे बंद केले आणि ते ध्वनिमुद्रणाच्या खोलीत जाऊन बसले, यात या संगीताने स्वतःविषयी दिलेली कबुलीच होती. ख्यालात याच्या उलट आहे. तेथे बंदिश चार ओळींची, आणि ती कोणाच्याही वहीत सापडते. कलाकृती त्या संध्याकाळी, त्या गळ्यातून घडायची असते. साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवर पिढ्या वाढल्या हे खरे, पण त्या तबकड्यांनाही श्रोते मैफलीची आठवण मानत आले. ज्या कलेत मूळ घरीच कपाटात आहे, तिच्या ‘मूळ’ दर्शनाला मैदानात जाणारा माणूस एखाद्या ग्रंथाच्या मुद्रित प्रतीवर प्रेम करून मग हस्तलिखित पाहायला जावे आणि अक्षर लागू नये, तसा परत येणार.

आणि ते माळरान? वुडस्टॉकची जगप्रसिद्ध कथाही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १९६९च्या ऑगस्टमध्ये बेथेल येथील एका दुग्धव्यावसायिकाच्या शेतावर सुमारे चार लाख माणसे जमली. कुंपण वेळेवर पुरे झाले नाही म्हणून तिकिटांचा आग्रह सोडावा लागला, पाऊस पडला, कार्यक्रम इतका लांबला की जिमी हेंड्रिक्स सोमवारी सकाळी वाजवायला उभा राहिला तेव्हा बहुसंख्य श्रोते घरी निघून गेले होते. जगाने जो वुडस्टॉक पाहिला तो १९७०चा मायकेल वॉडली याचा चित्रपट होय, संकलनाच्या टेबलावर सिद्ध झालेला. त्यातील चिखलसुद्धा देखणा आहे. त्याच १९६९च्या डिसेंबरात आल्टामाँटला मंचासमोर एका तरुणाचा खून झाला. त्याचाही चित्रपट निघाला, पण वसतिगृहांत त्याची गोष्ट कोणी रंगवून सांगत नसे. पुण्याच्या हिरवळीवर उभा असलेला हा श्रोता जे हरवले म्हणून खिन्न होता, ते अखंड स्वरूपात कोणत्याही शेतात कधी घडलेलेच नव्हते.

आता विघ्ने. ‘स्फुटत्वाभाव’, म्हणजे प्रतीतीची अस्पष्टता, हे विघ्न तीन दशांश सेकंदांनी आणि शेजारच्या ठोक्यांनी पुरेसे सिद्ध केले. ‘निजसुखादिविवशीभाव’ हे त्याहून सूक्ष्म आहे: प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुंतलेला असला तर समोरच्या वस्तूवर त्याचे चित्त विश्रांत होत नाही. आपले हरवलेले विशीतले वय हुडकायला आलेल्या माणसाला हे तंतोतंत लागू पडते. परंतु खरी मौज अभिनवगुप्ताने यावर सांगितलेल्या उपायात आहे. अशा प्रेक्षकाचे चित्त रंजवून त्याला स्वतःतून बाहेर काढावे, यासाठी वाद्ये, गायन, विचित्र मंडप आणि विदग्ध गणिका यांची योजना तो मान्य करतो. म्हणजे संगीत आणि मंडप ही तेथे औषधे आहेत, रसाच्या वाटेतला अडसर दूर करणारी. मैदानी महोत्सवात औषधच जेवण होऊन बसते. दिव्यांची कमान, पाळणा, खाद्यपदार्थांच्या राहुट्या, चार मंच यांचा विचित्र मंडप एवढा विस्तारतो की ज्याच्यासाठी तो घातला ते त्याच्या एका कोपऱ्यात वाजत राहते. याला ‘अप्रधानता’ हे सहावे विघ्न म्हणावे, असे त्या अध्यापकाला रांगेत उभ्या उभ्या सुचले, आणि वर्गात सांगायला चांगले उदाहरण मिळाले याचा किंचित आनंदही झाला. त्या संध्याकाळचा तो एकमेव निर्भेळ आनंद होता.

ही उपपत्ती मात्र एका ठिकाणी अडते. हाच श्रोता प्रत्येक डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला जातो. भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा महोत्सव रमणबागेच्या मैदानावर रात्रभर चाले, त्या काळापासून तो जात आला आहे. तेथे अप्रधानता काय कमी होती? बटाटेवडे होते, चहा होता, मागच्या सतरंज्यांवर विवाहेच्छूंची पाहणी होती. तो स्वतः पहाटे तीनच्या सुमारास शाल गुंडाळून झोपत असे, आणि एखाद्या दिग्गजाचा अर्धा राग झोपेत गेल्याबद्दल त्याने कधी अपेक्षाभंगाची भाषा केली नाही. कारण तो तेथे काही ओळखण्यासाठी गेलेला नसे. अपेक्षा रागाची असे, विशिष्ट तानेची नव्हे. याउसच्या परिभाषेत, क्षितिज रुंद होते. पण हे उत्तरही अर्धेच आहे. तेथे झोपण्याचा अधिकार त्याला होता. आजूबाजूचे सगळे त्याच्यासारखेच होते, आणि त्या गर्दीत आपण कोण, हा प्रश्न त्याला पडत नसे. हिरवळीवर मात्र तो दर पाच मिनिटांनी स्वतःला पाहत होता: पांढरे केस, खांद्याला शबनम, मनगटावर गुलाबी पट्टा. सहृदयाचे लक्षण सांगताना शास्त्राने काव्यानुशीलनाचा अभ्यास सांगितला. योग्य गर्दीत असणे हीही त्याची एक अट असावी, हे सांगितले नाही. राजसभेत बसणाऱ्यांना ती जाणवली नसणार.

बरोबर दहाला मैदानातला आवाज बंद झाला. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम आणि २००५चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यांनी रात्री दहाची रेषा आखली आहे. वर्षातल्या मोजक्या दिवशी ती बारापर्यंत सरकते. या रेषेने सवाईची रात्र संपवली आणि पहाटेचे राग मैदानातून हद्दपार केले. २०२३च्या ३० एप्रिलला राजा बहादूर मिलच्या आवारात ए. आर. रहमान यांचा कार्यक्रम पोलिसांनी मंचावर येऊन थांबवला, तोही याच रेषेवर. रुग्ण आणि शेजारी यांच्या झोपेचा हक्क खरा आहे आणि त्याविरुद्ध बोलणे अवघड आहे. तरीही एका कानडी आणि एका इंग्रजी गळ्याला पुण्याने समान वागणूक दिली ती एवढ्या एका बाबतीत, ही नोंद करून ठेवायला हरकत नसावी.

परत येताना मुलगी ॲक्टिव्हा चालवत होती आणि तो मागे बसला होता. येरवड्याच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने मागे न पाहता विचारले, “बाबा, कसं वाटलं तुला?” कलाकृतीविषयी ‘छान’ हा शब्द लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण जो पंचवीस वर्षे कापत आला, तो म्हणाला, “छान होतं.”

“खोटं बोलतोयस. मलासुद्धा ते तुझं गाणं नीट ऐकूच आलं नाही. पण मजा आली.”

ऐकू आले नाही आणि मजा आली, ही दोन वाक्ये तिने ‘पण’ या अव्ययाने सहज जोडली. त्याने शिकवलेल्या कोणत्याही उपपत्तीत ती जोडली जात नव्हती, आणि ती खोटे बोलत नव्हती हेही त्याला दिसत होते. सिग्नल सुटला. पुलावरच्या गार वाऱ्यात ती ओरडून म्हणाली, “कसं आहे ते गाणं खरं? म्हण ना.”

त्याने म्हटले. सूर थोडा खाली घेऊन, शब्द अर्धे गाळून, पण पुरते म्हटले, आणि फीत जेथे संपते तेथे सवयीने थांबला. पुढचा मिनिटभर, बंडगार्डन मागे पडेपर्यंत, मुलगी म्हणत होती.